तात्पुरती जोडणी

टक.

इन्व्हर्टरमधून एवढाच आवाज आला आणि घर पुन्हा गप्प झालं. लाइट गेली होती. पंख्याला त्याचा पत्ताही नाही. प्रांजलच्या कपाळावरचे केस उडत होते तसेच उडत राहिले. इकडची वीज गेली, तिकडची आली, मध्ये फक्त एक टक. आमचं घर या एका आवाजावर चालतं.

विश्वजीत आणि मी कंट्रोल पॅनेल बनवतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचा पत्र्याचा गाळा आहे. कारखान्यातली यंत्रं कधी चालू करायची, कधी थांबवायची, भोंगा कधी वाजवायचा हे ठरवणारं कपाट म्हणजे पॅनेल, असं मी प्रांजलला सांगते. त्या कपाटाला वीज देणाऱ्या केबल दोन असतात, दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेल्या. एक मेली तर दुसरीनं टक करून भार उचलायचा. पॅनेल विश्वजीत बनवतो, गिऱ्हाइकं तोच सांभाळतो. वर्षातून एकदा जागेवर जाऊन सगळं तपासायचं आणि कागदावर सही करायची, ते काम माझं.

आता अडीच वाजलेत. प्रांजलची शाळा सकाळची. आली, वरणभात खाल्ला आणि गणवेशातच झोपली. साडेचारपर्यंत उठायची नाही. ती झोपली की मला मिळतो तो वेळ कुणाचा तरी चोरलेलाच असतो, कधी धुण्याचा, कधी ऑफिसच्या मेलचा. आजचा सहीचा चोरलाय. टेबलावर अपघाताच्या अहवालाचे तीन कागद आहेत. पाचला विश्वजीत येईल आणि ते घेऊन सांगलीला निघेल. तिसऱ्या कागदाच्या तळाशी माझं नाव छापलंय, अक्षता विश्वजीत जगदाळे, तपासणी अभियंता, आणि नावाच्या वर जागा कोरी आहे. परवापासून ती तशीच आहे.

अहवालात महत्त्वाची वाक्यं दोनच. 'ऑक्टोबरमधील तपासणीनंतर वायरमन लालासाहेब पिसाळ यांनी कोणासही न कळवता केबलची जोडणी परस्पर बदलली.' आणि 'कामगार बनुबाई यांनी मनाई असलेल्या यंत्रगृहात विनापरवानगी प्रवेश केला.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. विश्वजीतचं मराठी पहिल्यापासून चांगलं.

सांगलीजवळ हिंदुराव आबांचं कोल्ड स्टोरेज आहे. तिकडं सगळे नुसतं 'कोल्ड' म्हणतात. आसपासच्या गावांतला बेदाणा तिथं थंडीत ठेवतात, आणि शेजारच्या शेडमध्ये चाळीसेक बायका मांडी घालून तो निवडतात. हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा बाजूला. माझं माहेर तिथून जवळच, विश्रामबागला. बाबा गेले तेव्हा आबांनी माझ्या भावाला, रोहनला, कोल्डवर सुपरवायझर म्हणून लावून घेतलं. आबांची अशी पाच कोल्ड आहेत. पाचही ठिकाणची पॅनेल आमची, त्यामुळं आमच्या गाळ्याचं शटर सकाळी वर जातं तेही त्यांच्याच जोरावर. रोहनची नोकरी आबांची आणि आमचा गाळाही आबांचाच, ही दोन वाक्यं मी आजवर कधी एकाखाली एक लिहून पाहिली नव्हती.

लालासाहेब तिथले वायरमन. मी त्यांना मामा म्हणते. लग्न होऊन नुकतीच कामावर जायला लागले होते, तेव्हा चार माणसांसमोर त्यांनी मला विचारलं, "काय वो इंजिनेरबाई, दोन केबली कशापायी?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तसं न्हवं. एक केबल सासरची, एक म्हायेरची. सासरनं हाकललं तर म्हायेर हाय. म्हायेरनं त्वांड फिरवलं तर सासर हाय. पर पोरी, दोनी एकाच घरातनं आल्या असल्या तर?"

"तर?"

"तर बाय गेली कामातनं."

सगळे हसले. मीही हसले. नंतर त्यांनी मला हाताला धरल्यासारखं नेऊन दाखवलं: पॅनेलपासून निघणाऱ्या दोन केबल, एक ऑफिसमागच्या खोलीतल्या यूपीएसला गेलेली, दुसरी पार मागं जनरेटरच्या खोलीतल्या यूपीएसला. यूपीएस म्हणजे आपल्या इन्व्हर्टरचाच थोरला भाऊ. "तपासायचं झालं तर हितं पॅनेलपाशी उभं ऱ्हाऊन न्हाई तपासायचं," ते म्हणाले. "मुळापतूर चालत जायाचं. केबल कुठनं आली ती डोळ्यानं बघायची."

सात वर्षं मी चालत गेले. दरवर्षी, दोन्ही खोल्यांपर्यंत.

गेल्या ऑक्टोबरात नाही गेले.

त्या दिवशी शनिवार होता, प्रांजलला सुट्टी, म्हणून तिला बरोबर नेलं होतं. मी काम करेपर्यंत ती नेहमीसारखी बनुबाईंजवळ बसली. निवडणाऱ्या बायकांमध्ये बनुबाई सगळ्यात जुन्या. गुडघे गेलेले, पण बोटं अशी चालायची की बघत राहावं; दाणा हातात यायच्या आधी त्याचा रंग त्यांना कळायचा. प्रांजल त्यांना बेदाणा आजी म्हणते. मी पॅनेल उघडलं. पहिली केबल सोडली, दुसरीनं भार घेतला. टक. पहिली जोडली, दुसरी सोडली. टक. दोन्ही हिरवे दिवे लागले. आता दोन्ही खोल्या बघून आले की झालं, एवढ्यात बनुबाई प्रांजलला खांद्यावर टाकून तशाच लंगडत आल्या.

"अगं, लेकरू तापलंय की! हात लाव, हात लाव. तव्यावानी झालंय."

"झालंच मावशी. दहा मिनिटं. तेवढं मागं जाऊन केबल बघून येते."

"केबल कुठं पळून जातीया व्हय? ती ऱ्हाईल हितंच. पोर घिऊन जा आधी. आई हायस का कोन हायस?"

शेजारच्या बायका हसल्या. मी लाजले. पॅनेलवर कागद टेकवून, उभ्या उभ्या, 'दुहेरी वीजपुरवठा' या ओळीपुढं टिक केली, सही ठोकली आणि पोरीला घेऊन विश्रामबागला आईकडं गेले. बनुबाईंनी आपल्या पदराचा एक कोपरा भिजवून तिच्या कपाळाला लावून दिला होता. ताप दोन दिवसांत उतरला. टिक राहिली.

अकरा दिवसांपूर्वी, दुपारी बाराला, रोहनचा फोन आला. "ताई, पॅनेल मेलंय. आन् गॅस फुटलाय. दाजींना घेऊन ये."

दाजी पुण्याला होते. शेजारी कुणी नव्हतं, म्हणून प्रांजलला मागच्या सीटवर टाकलं आणि निघाले. कराडच्या पुढं तिनं उलटी केली. मी गाडी थांबवून तिचं तोंड पुसलं, तेवढी तीन मिनिटंही मला जड वाटली. आता वाटतं, ती अडीच तासांची वाट तशीच लांबत राहिली असती तर बरं झालं असतं.

पोचले तेव्हा शेड रिकामी होती. बायका बसायच्या त्या पोत्यांवर ताटं तशीच, अर्धा बेदाणा निवडलेला, अर्धा नाही. अग्निशमनवाल्यांनी मारलेलं पाणी अजून दारातून वाहत होतं. वास नाकात नाही, डोळ्यांत जात होता. काय घडलं ते मला गेटवरच्या माणसानं सांगितलं, नंतर रोहननं सांगितलं, आणि नंतर बनुबाईंनी. तिघांचं एकच होतं.

तिथल्या एका पंपाचं सील वर्षभर झिरपत होतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोडा अमोनिया, थंडी करणारा तो गॅस, सुटायचा, पॅनेलला कळायचं, ते मोठा पंखा चालू करायचं, गॅस बाहेर. कुणालाच त्रास नाही, म्हणून सील बदलायची कुणालाच घाई नाही. त्या सकाळी पॅनेल अंधारलं. कॉम्प्रेसर थांबले, पंखा लागला नाही, भोंगा वाजला नाही. एवढी शांतता झाली, तर माणसं काय म्हणाली? लाइट गेली. उन्हाळ्यात जातेच. जनरेटर चालू होईल म्हणून सगळे सावलीला तंबाखू मळत बसले.

एकट्या बनुबाईंना खटकलं. शेडमध्ये त्यांच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. "आमचा पंखा तर भणाणतोय," त्या म्हणाल्या, "मग ह्यांची लाइट कशी गेली?" बरोबरच्या बाया म्हणाल्या, "बस गं म्हातारे, तुला काय करायचंय?" पण त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीला धरत यंत्रगृहापर्यंत गेल्या आणि आत कुणी असेल तर सांगावं म्हणून त्यांनी दार उघडलं.

चाळीस-पन्नास माणसांत बिघाड बरोबर ओळखला तो त्या एका बाईनं. सगळा गॅस तिच्या तोंडावर आला.

मी मीटर काढला. पहिल्या केबलला लावला, शून्य. दुसरीला लावला, शून्य. एक केबल मरू शकते. उंदीर कुरतडतो, जॉइंट जळतो. पण दोन ठिकाणांहून आलेल्या दोन केबल एकाच मिनिटाला मरत नाहीत. मी लालामामांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, वर भिंतीलगत केबल वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या ट्रेकडं बघत होते.

"चला मामा," मी म्हणाले. "मुळापर्यंत."

दुसरी केबल डोळ्यांनी धरून आम्ही चालत गेलो. ती जनरेटरच्या खोलीकडं वळायला हवी होती. कोपऱ्यावर आली आणि वळली नाही. पहिलीच्याच ट्रेमध्ये शिरली, पहिलीच्याच बरोबर भिंत ओलांडून ऑफिसमागच्या खोलीत उतरली. तिथं एकच यूपीएस होता. त्याच्या मागं एकच बोर्ड, त्यात दोन पिना शेजारीशेजारी. बोर्ड जळून काळा झाला होता. आणि दुसऱ्या पिनेजवळ, केबलला चिकटपट्टीनं गुंडाळलेली एक चिठ्ठी होती. लालामामांचं अक्षर, बॉलपेननं दोनदा गिरवलेलं. 'तात्पुरतं. ११ जुलै.'

"मागचा यूपीएस फुगला व्हता," मामा म्हणाले. "बॅटऱ्या गेल्या. रोहनसायेब म्हनलं, तात्पुरतं दोनी हितंच लावा. मी लावलं. चिठ्ठी बांधली. दुरुस्त हून आला तर तो क्यामेऱ्याला दिला. दोनदा सांगितलं म्या. म्हनलं, ताई येतीलच की आक्टोबरात, त्यांच्या नदरंला पडंल."

ते एवढंच बोलले आणि बाहेर गेले. माझ्यापाशी उभं राहायला लागू नये म्हणून गेले असतील.

मी ती चिठ्ठी सोडवून घेतली. मोबाइलच्या कव्हरमध्ये घातली. जपायला घेतली की लपवायला, ते मला त्या क्षणीही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. प्रांजलला जिन्यातच म्हटलं, "आजीच्या डोळ्यांना पट्टी असेल. घाबरायचं नाही. तात्पुरती आहे." डॉक्टरांनी मला दारातच बाजूला घेऊन सांगितलं होतं. बुबुळं भाजलीत. डावा गेलाच, उजव्याचं सांगता येत नाही.

बनुबाईंनी प्रांजलचं तोंड हातांनी चाचपलं. नाक, कान, वेणी. "वाळलीस गं," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "अक्षता, दाना हाताला कळतोय अजून. शेडातल्या सुलाबाईनं मूठभर आनून दिला व्हता. ओला, वाळका, समदं कळतंय. निस्ता रंग न्हाई कळत." आणि हसल्या. त्यांच्या हसण्यातून खोकला निघाला तो थांबेना. खोकला संपल्यावर त्यांनी सहज विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारलं. "तू तर बघून दिली व्हतीस न्हवं समदं? मग कसं गं बिघडलं?"

"वायर जळली, मावशी."

"व्हय? जळनारच. वायरच ती."

रोहन खाली पार्किंगमध्ये थांबला होता. दाढी वाढलेली. मी त्याला लहानपणी अंकलिपी शिकवलीय. खोटं बोलताना तो अजून कानाची पाळी ओढतो.

"तू सांगितलंस मामांना दोन्ही एकीकडं लावायला?"

"मी तात्पुरतं म्हटलं होतं."

"नऊ महिने?"

"ताई, आबांनी यूपीएस कॅमेऱ्यांना द्या म्हटल्यावर मी काय म्हणणार होतो? न्हाई म्हणू?" त्यानं पाळी सोडली. "आणि तू तरी कुठं बघितलंस? बघितलं असतंस तर काय झालं असतं का हे? प्रांजलचा तरी विचार कर."

साताऱ्याला आले. विश्वजीत पुण्याहून आला होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. त्यानं चहा केला, आलं किसून घातलं, कप माझ्या हातात दिला आणि समोर बसला.

"जोडणी तुझ्या तपासणीच्या आधी बदललेली, म्हणजे तुझी टिक खोटी. नंतर बदललेली, म्हणजे तुझी टिक खरी. एवढंच आहे, अक्षता. ती चिठ्ठी बाहेर आली तर पहिल्यांदा तू आत जाशील. मग रोहन. आबांपर्यंत कुणी पोचणार पण नाही."

"आणि मामा?"

"त्यांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. आबा म्हणालेत, बघतो."

"बनुबाई?"

"आबांनी तात्पुरती मदत पोचवलीय. मनाईच्या जागेत गेल्या असं आलं की विमावाले पुढचं काही देणार नाहीत, खरंय. पण त्याचं नंतर बघू. आत्ता तात्पुरती सही कर, चौकशी शांत होऊ दे." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला राग यायला हवा होता. "प्रांजलचा विचार कर."

मी बाल्कनीत जाऊन आईला फोन लावला. म्हटलं, "आई, मी सही नाही केली तर इथं राहता येईल असं वाटत नाही. गाळा बंद पडेल. थोडे दिवस प्रांजलला घेऊन तिकडं आले तर?"

पलीकडं टीव्ही चालू होता. तो बंद केल्याचा आवाज आला.

"तुझ्या या एका सहीवर रोहनचं सगळं अडलंय, अक्षू. आबा परवाच घरी येऊन गेले. इथं तू कशी राहशील? गावाला तोंड कसं दाखवायचं?" मग मऊ आवाजात, लहानपणी मला ताप आला की बोलायची तसं, ती म्हणाली, "प्रांजलचा विचार कर बाळा."

मी फोन ठेवला. तिघांनी तेच तीन शब्द वापरले होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला लालामामांचं ते सासर-माहेर आठवलं, आणि त्यावर आपण किती मोठ्यानं हसलो होतो तेही.

काल मामांचा फोन आला. मी हात पुसत उचलला.

"गेटवरनंच परत पाठिवलं मला. सस्पेंड म्हनं."

"मामा, मी..."

"रडू नगंस. मी भांडाय फोन केला न्हाई. येकच इचारतो. ती चिठ्ठी कुठं हाय?"

फोन कानाला होता, आणि फोनच्याच कव्हरमध्ये, माझ्या गालापासून बोटभर अंतरावर, ती होती. कागदाची कड मला टोचत होती.

"माहीत नाही, मामा."

त्यांच्या मागं कुठंतरी म्हैस हंबरली.

"बरं," ते म्हणाले. "आमी चिठ्ठी लावायची, तुमी टिक लावायची. आन् आंधळी व्हायची बनुबाईनं. बरं, बरं. लेकरू कसं हाय?"

"बरं आहे."

"जप त्येला."

आणि फोन ठेवला. एखादी शिवी दिली असती तर मी ती उराशी धरून ठेवली असती. त्यांनी लेकराची चौकशी केली.

चार वाजून दहा मिनिटं झालीत. लाइट आलीय; पुन्हा एकदा टक झालं, पुन्हा पंख्याला कळलं नाही. मी चिठ्ठी कव्हरमधून काढून टेबलावर, कागदांशेजारी ठेवली. एकीकडं ती, एकीकडं पेन. दोन्हीकडं बघत बसले. चिठ्ठी लिफाफ्यात घालून कारखाना निरीक्षकाच्या पत्त्यावर टाकायची तर पोस्ट कोपऱ्यावरच आहे, चप्पल घालायचीही गरज नाही. पोलिसांत, कोर्टात मी काय सांगेन त्याची वाक्यं मी या अकरा दिवसांत कितीदा जुळवलीत. माझी टिक खोटी होती. माझी पोर तापली होती, तरीही टिक खोटी होती. बोलायला इतकं सोपं वाक्य आहे ते.

प्रांजल कुशीवर वळली. तोंड उघडं, ओठाच्या कडेला भाताचं शीत वाळलेलं. मी उठून ते बोटानं काढलं. तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. का लावला ते मलाच कळलं नाही. त्या ऑक्टोबरपासून ती झोपली की माझा हात आपोआप तिथं जातो. आई जेलमध्ये असली तर तो हात कुणाचा असेल, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं. बनुबाई आल्या नाहीत, मामा आले नाहीत. आणि मग मला कळलं की ही सही मी कुणाच्या सांगण्यावरून करणार नाहीये. ती मीच करणार आहे. ऑक्टोबरातली केली होती तशीच.

खुर्चीत बसले आणि सही केली. यावेळी उभ्या उभ्या नाही, नीट बसून, सावकाश, आडनावाचा शेवटचा फाटा वर नेऊन. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत राहिले. मुलांना लागल्यावर घालतात तशी.

चिठ्ठीचं काय करायचं ते तेवढं ठरलं नव्हतं. जाळायला उठले, गॅसपर्यंत गेले, परत आले. परत आले तेव्हा प्रांजल उठून टेबलापाशी उभी होती. गालावर उशीची घडी उमटलेली, डोळे अर्धे मिटलेले, आणि हातात चिठ्ठी. दुसरीत आहे, जोडाक्षरं नुकतीच शिकवलीत, त्यामुळं दिसेल ते वाचते. औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, एसटीच्या मागचं सगळं.

"ता... त्पु... आई, हे बघ, त ला प! ता-त्पु-र-तं." तिनं मान वर केली. "तात्पुरतं म्हणजे गं?"

"म्हणजे थोड्या दिवसांसाठी. दे ती इकडं."

"बेदाणा आजीच्या पट्टीसारखं?"

"हं. दे."

तिनं दिली नाही. चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि दुसरी ओळ वाचली, बोट ठेवून. मग चिठ्ठी पोटाशी धरून दुसऱ्या हाताची बोटं मोडायला लागली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. एक हात पुरेना म्हणून चिठ्ठी तोंडात धरली. बाहेर गेटची कडी वाजली. विश्वजीत लवकर आला होता. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावर चढायला लागला.

प्रांजलनं तोंडातली चिठ्ठी काढली.

"हे तर नऊ महिन्यांपूर्वीचं आहे," ती म्हणाली. "आई, मग तात्पुरतं संपतं कधी?"